जुनी वेबसाइट हलवायची आणि जपायची: कुठून सुरू करायचं, कुठे घोळ होतात

माझी साइट मी २००५ साली सुरू केली. आधी हाताने लिहिलेली एचटीएमएलची पानं, मग पीएचपी या सर्व्हरवर चालणाऱ्या भाषेतली एक छोटी स्क्रिप्ट, मग वर्डप्रेस ही लेख छापायची तयार सिस्टिम, मध्येच फोटोंसाठी वेगळी गॅलरी, असे एकावर एक थर चढत गेले. आतापर्यंत ती दोनदा एका होस्टिंगवरून (साइट ठेवायची भाड्याची जागा) दुसरीकडे हलवली. पहिल्या वेळी सगळं एका रात्रीत उरकलं, त्याच झटक्यात डिझाइनही बदललं, पत्तेही सुटसुटीत करून टाकले, आणि पुढची दोन वर्षं लोक मेल करून सांगत होते की अमुक लेख उघडत नाही, तमुक फोटो दिसत नाही. त्यातले काही फोटो कायमचे गेले, ते अजून सलतं. दुसऱ्या वेळी मात्र तीन आठवडे घेतले आणि एकही पान गेलं नाही. खाली जे लिहिलंय ते त्या दुसऱ्या वेळच्या क्रमानेच लिहिलंय, म्हणजे तुम्हाला तसंच्या तसं वापरता येईल.

एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात पक्की करा. हलवणं आणि जपणं ही दोन वेगळी कामं आहेत. हलवणं म्हणजे आज जी साइट चालू आहे ती उद्या दुसऱ्या सर्व्हरवरून तशीच चालली पाहिजे. जपणं म्हणजे उद्या सर्व्हर नसला, वर्डप्रेस नसलं, मी स्वतः नसले तरी कुणालातरी ती पानं वाचता आली पाहिजेत. आणि जपायचं काम आधी करायचं, हलवायचं नंतर. बहुतेक जण उलटं करतात आणि हलवताना जे सांडतं ते मग गोळा करायला मूळ जागाच उरलेली नसते.

दुसरं, हलवताना काहीही सुधारायचं नाही. जुनी शुद्धलेखनाची चूक दिसली, राहू दे. एखादा लेख आता बालिश वाटतो, राहू दे. सुधारणा करायला नंतर आयुष्य पडलंय, पण हलवताना दोन गोष्टी एकदम बदलल्या की काय बिघडलं ते हलवण्यामुळे का सुधारण्यामुळे हेच कळत नाही.

आधी पत्त्यांची यादी

वेबसाइट म्हणजे फाइली नाहीत, पत्ते. लोकांनी तुमची पानं बुकमार्क केलीत, आपल्या लेखात लिंक दिल्यात, कुणी वहीत लिहून ठेवलंय. म्हणून पहिलं काम म्हणजे आत्ता साइटवर कोणकोणते पत्ते उघडतात त्याची पूर्ण यादी. साइटमॅपवरून (सर्च इंजिनांसाठी बनवलेली पानांची यादी) अर्धी यादी मिळते, पण जुन्या साइटवर अशी कितीतरी पानं असतात ज्यांच्याकडे आता आतून एकही लिंक जात नाही. मला माझ्याच साइटवर २००६ मधलं एक पान सापडलं जे मी साफ विसरले होते, मेनूमधून कधीच गेलेलं, पण दर महिन्याला कुणीतरी येऊन वाचत होतं.

ही हरवलेली पानं तीन ठिकाणी सापडतात. एक म्हणजे सर्व्हरचे अॅक्सेस लॉग, त्यात कोणतं पान कधी मागितलं गेलं त्याची नोंद असते, होस्टिंगच्या कंट्रोल पॅनलमधून उतरवता येतात, जितके महिने मागचे मिळतील तितके घ्या. दुसरं गूगल सर्च कन्सोल, तिथे बाहेरून कोणत्या पानांना लिंक आहेत ते दिसतं. तिसरं वेबॅक मशीन, म्हणजे इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेने जपलेला जुन्या पानांचा साठा. इंटरनेट आर्काइव्ह १९९६ पासून वेबची पानं साठवतंय आणि २००१ पासून वेबॅक मशीन सगळ्यांना खुलं आहे, त्यात तुमच्या डोमेनच्या पुढे तिरकी रेघ आणि चांदणी टाकून शोधलं की आजवर साठवलेल्या सगळ्या पत्त्यांची यादी मिळते.

सगळं एका स्प्रेडशीटमध्ये टाका. जुना पत्ता, तिथे काय आहे, नवा पत्ता, तपासलं का, एवढे चार कॉलम पुरतात. फक्त लेखांचे पत्ते धरू नका, पीडीएफ, गाण्याच्या फाइली, मोठ्या आकारातले फोटो, आरएसएस फीड (नव्या लेखांची आपोआप बनणारी यादी), सबडोमेन, सगळं. बाहेरचे लोक पीडीएफला थेट लिंक देतात, लेखाला नाही. ही यादी करायला मला चार संध्याकाळी लागल्या आणि पुढचं प्रत्येक पाऊल तिच्यावरच उभं राहिलं, त्यामुळे इथे कंटाळा करू नका.

सगळं उतरवून घ्या, आणि सगळं म्हणजे सगळं

फाइली उतरवायला बहुतेक जण एफटीपी (सर्व्हरवरून फाइली आणण्या-नेण्याची जुनी पद्धत) वापरतात. चालतं, पण दोन गोष्टी बघा. एफटीपी क्लायंटमध्ये ट्रान्सफर बायनरी मोडमध्ये ठेवा, टेक्स्ट मोडमध्ये फोटो आणि झिप फाइली खराब होऊ शकतात आणि ते तेव्हा लक्षात येत नाही, सहा महिन्यांनी फोटो उघडायला जाता तेव्हा कळतं. आणि लपलेल्या फाइली दाखवण्याचं सेटिंग चालू करा, कारण नावाच्या आधी टिंब असलेल्या फाइली नाहीतर दिसतच नाहीत, आणि नेमकी एचटीअॅक्सेसची फाइल, जिच्यात तुमचे सगळे जुने रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वळवणाऱ्या सूचना) लिहिलेले असतात, ती अशीच लपलेली असते.

होस्टिंगवर एसएसएच (सर्व्हरला थेट कमांड द्यायची सोय) मिळत असेल तर मात्र आरसिंक हे फाइली उतरवायचं टूल वापरा, तारखा जपण्याच्या ऑप्शनसह. कारण फाइलीवरची 'शेवटचा बदल' ही तारीख जुन्या साइटसाठी फार मोलाची असते. हाताने लिहिलेल्या माझ्या पहिल्या पानांवर कुठेच तारीख नव्हती. ती पानं मी नक्की कधी लिहिली याचा एकच पुरावा म्हणजे सर्व्हरवरच्या फाइलीची तारीख. पहिल्या वेळी हलवताना सगळ्या फाइलींवर त्या एका रात्रीची तारीख बसली. नंतर एका जुन्या सीडीवर मूळ फाइली सापडल्या म्हणून, नाहीतर ते कायमचं पुसलं गेलं असतं.

मग डेटाबेस, म्हणजे वर्डप्रेस लेखांचा मजकूर साठवतं ती टेबलं. वर्डप्रेसमध्ये 'एक्सपोर्ट' नावाचं बटण आहे, त्यातून एक एक्सएमएल फाइल मिळते, आणि लोक समजतात बॅकअप झाला. त्या फाइलीत लेखांचा मजकूर असतो पण फोटो नसतात, फोटोंचे फक्त पत्ते असतात. जुना सर्व्हर बंद झाला की त्या पत्त्यांवर काहीच नाही. त्यामुळे एक्सपोर्ट घ्याच, पण त्यासोबत पीएचपीमायअॅडमिनमधून किंवा मायएसक्यूएलडंपने पूर्ण डेटाबेसही घ्या, आणि अपलोड्सचं फोल्डर वेगळं घ्या.

याशिवाय ज्या गोष्टी फाइलींमध्ये नसतात त्या लिहून ठेवा: डीएनएसच्या सगळ्या नोंदी (डोमेनचं नाव कोणत्या सर्व्हरकडे जातं ते सांगणाऱ्या), पीएचपीचं आणि डेटाबेसचं व्हर्जन, ठरावीक वेळी चालणारे क्रॉन जॉब, आणि डोमेनवरचे मेल. मेल तर लोक हमखास विसरतात. होस्टिंग बंद केलं की त्याच्यासोबत मेलबॉक्सही जातो, दहा वर्षांचा पत्रव्यवहार त्यात असतो. आधी थंडरबर्डसारख्या प्रोग्राममध्ये आयमॅपने सगळे मेल उतरवून लोकल फोल्डरमध्ये कॉपी करा, नुसते तिथे दिसतायत यावर जाऊ नका, कारण आयमॅप सर्व्हरचा आरसा असतो, तिकडे गेलं की इकडूनही जातं.

बाहेरून आणून चिकटवलेल्या गोष्टी पण बघा. दुसऱ्याच सर्व्हिसवर ठेवलेले फोटो, एम्बेड केलेले व्हिडिओ, छोट्या केलेल्या लिंक. गूगलने आपल्या शॉर्टनरवर नव्या लिंक बनवणं २०१९ मध्ये बंद केलं, असे कितीतरी शॉर्टनर आले आणि गेले. छोटी लिंक जोपर्यंत उघडतेय तोपर्यंत ती उघडून खरा पत्ता तिच्या जागी टाका. 'काही सुधारू नका' या नियमाला मी केलेला हा एकमेव अपवाद.

मराठी मजकुराचा घोळ

हा भाग इंग्रजी गाइडमध्ये नीट सापडत नाही आणि आपल्याला सगळ्यात जास्त छळतो म्हणून सविस्तर लिहिते.

जुना डेटाबेस नव्या सर्व्हरवर चढवला आणि मराठीच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेले 'ए' आणि चलनाची गोल चिन्हं यांची रांग दिसली, तर घाबरू नका, मजकूर गेलेला नाही. वर्डप्रेसचा डेटाबेस ज्यावर चालतो त्या मायएसक्यूएलमध्ये पूर्वी टेबल 'लॅटिन-१' (युरोपी अक्षरं साठवायची पद्धत) म्हणून बनलेलं असायचं आणि साइट मात्र त्यात यूटीएफ-८ चे (सगळ्या लिप्या साठवायच्या पद्धतीचे) बाइट भरत राहायची. वाचतानाही तसेच बाहेर यायचे म्हणून वर्षानुवर्षं सगळं नीट दिसत होतं. आता डंप (पूर्ण डेटाबेस उतरवलेली फाइल) घेताना मायएसक्यूएल मदत करायला जातं, 'लॅटिन-१ आहे ना, मग मी यूटीएफ-८ करून देतो' म्हणतं, आणि जे आधीच यूटीएफ-८ आहे ते पुन्हा एकदा बदलतं. उपाय असा की डंप घेतानाच कॅरेक्टर सेट लॅटिन-१ सांगायचा, म्हणजे बाइट तसेच बाहेर येतात. मग ती डंप फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडायची. मराठी नीट वाचता येतंय? मग टेबलांच्या वर्णनात आणि फाइलीच्या सुरुवातीच्या सेट नेम्सच्या ओळीत जिथे लॅटिन-१ लिहिलंय तिथे यूटीएफ-८-एमबी-४ करायचं आणि नव्या डेटाबेसमध्ये चढवायचं.

पण मराठीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसली तर थांबा. ती फाइल टाकून द्या, त्यात आता काही उरलेलं नाही, तिथे खरोखर प्रश्नचिन्हच साठवलं गेलंय. मूळ सर्व्हरवर जाऊन पुन्हा डंप घ्या. जपणं आधी, हलवणं नंतर असं वर म्हटलं ते यासाठीच.

एमबी-४ का, तर मायएसक्यूएलचा जुना 'यूटीएफ-८' हा तीनच बाइटपर्यंत जातो. देवनागरी अक्षर तीन बाइटमध्ये बसतं, पण इमोजीला चार लागतात, आणि जुन्या सेटिंगमध्ये इमोजी आला की त्याच्यापुढचा सगळा मजकूर गुपचूप कापला जायचा. एखादा लेख मध्येच तुटलेला दिसला तर कारण हे असू शकतं.

दुसरी गोष्ट वर्डप्रेसमधल्या मराठी पत्त्यांची. लेखाच्या पत्त्यासाठी २०० अक्षरांची जागा असते, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तिथे टक्क्याच्या चिन्हांसह नऊ अक्षरांचं होतं. म्हणजे जेमतेम २२ चिन्हं, त्यातही काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं वेगवेगळं मोजायचं. म्हणून आपले लांब मथळ्यांचे पत्ते मध्येच तुटलेले असतात. दिसायला वाईट आहेत, पण हलवताना ते 'नीट' करू नका! जगात जिथे जिथे लिंक गेलीय ती त्या तुटक्या पत्त्याचीच गेलीय.

मराठी नाव असलेल्या फाइलींचंही जरा बघा. काही झिप प्रोग्राम देवनागरी नावांचा चुराडा करतात, म्हणून झिपऐवजी टार वापरलेलं बरं. आणि मॅकची जुनी फाइल सिस्टिम 'ऱ' हे अक्षर र आणि नुक्ता असं फोडून साठवते. 'दुसऱ्या' असं नाव असलेला फोटो मॅकवरून फिरून लिनक्स सर्व्हरवर गेला की नाव दिसतं तेच पण पत्ता जुळत नाही. असा एक फोटो का दिसत नाही ते शोधण्यात माझी एक अख्खी दुपार गेली.

आणि साइट खूपच जुनी असेल, युनिकोडच्या आधीची, तर मजकूर एखाद्या विशिष्ट फाँटच्या भरवशावर असणार. फाइलीत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, फाँट त्यांना मराठी रूप देतो. फाँट गेला की पान वाचताच येत नाही. अशा पानांची मूळ फाइल आणि तो फाँट दोन्ही एकत्र ठेवा, कन्व्हर्टरने युनिकोड करून घ्या, आणि मग प्रत्येक पान डोळ्यांनी वाचा. रफार, अर्धी अक्षरं आणि पहिली वेलांटी इथे कन्व्हर्टर हमखास चुकतात.

गोठवलेली प्रत

आता साइट चालू असतानाच तिची एक अशी प्रत करायची जिला पीएचपी लागत नाही, डेटाबेस लागत नाही, नुसता ब्राउझर पुरतो. डब्ल्यूगेट हे कमांड लाइनचं टूल त्यासाठी उत्तम, कमांड लाइन नको असेल तर एचटीट्रॅक आहे. डब्ल्यूगेटमध्ये हे ऑप्शन लावा: मिरर, पेज-रिक्विझिट्स म्हणजे पानाला लागणारे फोटो आणि स्टाइलशीट पण येतात, अॅडजस्ट-एक्स्टेन्शन म्हणजे फाइलींना एचटीएमएलची शेपटी लागते, कन्व्हर्ट-लिंक्स म्हणजे पानांमधल्या लिंक डिस्कवरच्या फाइलींकडे वळतात, आणि वेट एक सेकंद, म्हणजे सर्व्हरला धाप लागत नाही आणि होस्टिंगवाले तुम्हाला हल्लेखोर समजून ब्लॉक करत नाहीत. वर केलेली पत्त्यांची यादीही त्याला इनपुट म्हणून द्या, नाहीतर ती विसरलेली पानं पुन्हा सुटतील.

कॅलेंडर विजेटपासून जपा. त्यात 'पुढचा महिना' ही लिंक संपतच नाही, टूल २०५० सालापर्यंत रिकामी पानं उतरवत बसतं. तसंच 'उत्तर द्या' आणि 'तारखेनुसार लावा' अशा लिंकमुळे एकाच पानाच्या वीस प्रती येतात. हे सगळं रिजेक्टच्या ऑप्शनने वगळा.

याच्या जोडीला वार्क फाइल बनवा. ही वेब जतन करायची ठरलेली पद्धत आहे, २००९ पासून आयएसओ २८५०० हे तिचं स्टँडर्ड आहे, आणि राष्ट्रीय ग्रंथालयंसुद्धा हीच वापरतात. पान जसं सर्व्हरकडून आलं तसंच्या तसं, हेडर आणि वेळेसकट, एका फाइलीत बसतं. डब्ल्यूगेटला वार्कचा ऑप्शन वेगळा दिला की तेही होतं, आणि ती फाइल नंतर रीप्लेवेब डॉट पेजवर उघडून साइट फिरून बघता येते. जावास्क्रिप्टवर चालणाऱ्या पानांसाठी मात्र डब्ल्यूगेट तोकडं पडतं, तिथे आर्काइव्हवेब डॉट पेजचं ब्राउझर एक्स्टेन्शन लावून आपण स्वतः पानं उघडत जायचं, जे दिसेल ते रेकॉर्ड होतं. फ्लॅश (वेबवरच्या अॅनिमेशनचं जुनं तंत्र) २०२० च्या शेवटी संपलं, तुमच्याकडे जुन्या फ्लॅश फाइली असतील तर त्या फेकू नका, रफल नावाच्या एम्युलेटरवर त्यातल्या बऱ्याच चालतात.

प्रत नीट झाली का हे बघायची माझी पद्धत साधी आहे. वायफाय बंद करायचं आणि डिस्कवरचं मुखपृष्ठ उघडायचं. जे फोटो आता गायब झाले ते तुमच्या प्रतीत नव्हतेच, नेटवरून येत होते. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा डाव्या कोपऱ्यातला लोगो गेला, सगळे फाँट गेले आणि एका मालिकेतले अकराच्या अकरा फोटो गेले.

पूर्वीच हरवलेलं काही परत हवं असेल तर वेबॅक मशीनमध्ये ते पान शोधा, आणि पत्त्यातल्या त्या चौदा आकडी तारखेला लागून 'आय', 'डी' ही छोट्या लिपीतली दोन अक्षरं आणि एक अंडरस्कोअर लावा. मग वरची पट्टी आणि बदललेल्या लिंक न येता मूळ एचटीएमएल मिळतं. माझे चार लेख असेच परत आले.

नवी जागा

इथे तीन पर्याय असतात: होतं तसंच नव्या होस्टिंगवर, किंवा सगळं स्टॅटिक (डेटाबेसशिवाय, नुसती एचटीएमएलची पानं), किंवा जुना भाग स्टॅटिक आणि नवं लिखाण चालू सिस्टिमवर. दहा-पंधरा वर्षांच्या साइटसाठी मी तिसरा सुचवेन. जे लेख आता कधीच बदलणार नाहीत त्यांच्यासाठी डेटाबेस चालू ठेवणं म्हणजे दर महिन्याला अपडेट, हॅक होण्याची भीती, आणि पीएचपीचं व्हर्जन बदललं की बंद. पीएचपी ७ ने जुनी मायएसक्यूएलची फंक्शनं काढून टाकली तेव्हा हाताने लिहिलेल्या हजारो स्क्रिप्ट एका दिवसात मेल्या, माझीही त्यातलीच. साधं एचटीएमएल १९९० च्या दशकातलंसुद्धा आज उघडतं. स्टॅटिक केल्यावर शोध आणि संपर्काचा फॉर्म चालत नाही एवढंच. शोधासाठी पेजफाइंड आहे, फॉर्मच्या जागी मेलचा पत्ता लिहा.

नव्या सर्व्हरवर सगळं चढवल्यावर लगेच डोमेन तिकडे वळवू नका. आपल्या कॉम्प्युटरच्या होस्ट्स फाइलीत डोमेनचं नाव आणि नव्या सर्व्हरचा आयपी लिहा, म्हणजे जगाला जुनी साइट दिसते आणि तुम्हाला एकट्याला नवी. मग यादीतला प्रत्येक पत्ता तपासा. शेकडो असतील तर कर्ल या कमांड लाइन टूलची छोटी स्क्रिप्ट लावून प्रत्येकाचा स्टेटस कोड काढा, २०० (पान मिळालं) नाहीतर ३०१ (कायमचं हललंय) आला पाहिजे. तरी पन्नासेक पानं स्वतः उघडून बघा, कारण कोड २०० येतो आणि पान कोरं असतं असंही होतं.

जुना सर्व्हर विंडोजचा आणि नवा लिनक्सचा असेल तर लहान-मोठ्या लिपीचा फरक लगेच डोकं वर काढतो. विंडोजला दोन्ही सारखंच, लिनक्सला नाही, त्यामुळे मोठ्या अक्षरात जेपीजी लिहिलेले फोटो दिसत नाहीत. आणि आता साइट एचटीटीपीएसवर (सुरक्षित जोडणीवर) जाणार, पानांमध्ये मात्र फोटोंचे पत्ते साध्या एचटीटीपीने लिहिलेले, त्यावर ब्राउझर कुरकुरतो. डेटाबेसमध्ये शोधून बदला, पण वर्डप्रेसमध्ये साधं 'फाइंड अँड रिप्लेस' करू नका, सेटिंग्ज सीरियलाइज केलेल्या असतात, त्यात अक्षरांची संख्या पण लिहिलेली असते आणि ती जुळली नाही की विजेट गायब होतात. डब्ल्यूपी-सीएलआय या वर्डप्रेसच्या कमांड लाइन टूलची सर्च-रिप्लेस कमांड ती संख्या सांभाळते.

पत्ता बदलू नका, बदललाच तर माग सोडा

वेब ज्यांनी बनवलं त्या टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच लिहून ठेवलंय की चांगले पत्ते बदलत नसतात. शक्य असेल तर एकही पत्ता बदलू नका. स्टॅटिक केल्यावर लेखांच्या नावाला एचटीएमएलची शेपटी लागली तरी सर्व्हरच्या सेटिंगमधून ती लपवता येते.

बदलावाच लागला तर ३०१ रीडायरेक्ट, म्हणजे 'कायमचं हललंय'. ३०२ नको, तो तात्पुरता. जुन्या प्रत्येक पानावरून नेमक्या त्याच नव्या पानावर, सगळे मुखपृष्ठावर ढकलू नका. एखादा माणूस वर्षांपूर्वी वाचलेला लेख शोधत येतो आणि त्याला मुखपृष्ठ दिसतं, तो काय समजणार? गूगलही अशा रीडायरेक्टला सापडलंच नाही असं धरतं. मुद्दाम काढून टाकलेलं पान असेल तर ४१० द्या, म्हणजे 'कायमचं गेलंय'.

डोमेनच बदलत असेल तर सर्च कन्सोलमध्ये 'चेंज ऑफ अॅड्रेस' आहे ते भरा. गूगल म्हणतं रीडायरेक्ट किमान वर्षभर ठेवा, मी म्हणते जुनं डोमेन परवडेल तोवर सोडूच नका. तुमच्या नावाचं सुटलेलं डोमेन दुसरा कुणी घेतो, तिथे जुगाराच्या जाहिराती लावतो, आणि जगभरातल्या तुमच्या लिंक आता तिकडे जातात.

फीडमधल्या प्रत्येक नोंदीला एक कायमची ओळख असते, जीयूआयडी. ती बदलली की वाचकांच्या फीड रीडरमध्ये तुमचे सगळे जुने लेख नवे म्हणून येऊन पडतात, तीही तशीच ठेवा.

प्रत्यक्ष वळवण्याचा दिवस

दोन दिवस आधी डीएनएसमधला टीटीएल, म्हणजे ती नोंद इतरांनी किती वेळ लक्षात ठेवायची तो आकडा, कमी करा. तो बरेचदा ८६,४०० सेकंद म्हणजे एक दिवस असतो, ३०० करा. मग काही चुकलंच तर पाच मिनिटांत मागे येता येतं. त्या दिवशी साइटवर नवं काही लिहायचं नाही, शेवटचा डेटाबेस घ्यायचा, चढवायचा, आणि मग ए रेकॉर्ड (डोमेन कोणत्या आयपीकडे जातं ती डीएनएसची नोंद) बदलायचा, आयपी-व्ही-६ चा एएएए असेल तर तोही. एमएक्सला (मेलच्या नोंदीला) हात लावू नका, मेल कुठे जाणार हे आधी ठरलेलं असल्याशिवाय. एचटीटीपीएससाठी लागणारं लेट्स एनक्रिप्टचं मोफत सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं, ते आपोआप रिन्यू होतंय का ते त्याच दिवशी टेस्ट रन करून बघा.

होस्टिंग हलवणं आणि डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे (डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीकडे) नेणं एकाच आठवड्यात करू नका. त्यांचा एकमेकांशी संबंध नाही, आधी एक, ते स्थिरावलं की दुसरं. आणि रजिस्ट्रारकडे दिलेला मेल पत्ता त्याच डोमेनवरचा असेल तर तो आजच बदला, कारण डोमेन बंद पडलं की 'रिन्यू करा' हा मेलही तुमच्यापर्यंत येणार नाही.

पुढचे पंधरा दिवस रोज लॉगमध्ये ४०४ (पान सापडलं नाही) बघा. पहिल्या तीन दिवसांत मला तेवीस पत्ते सापडले जे माझ्या यादीतही नव्हते. जुना सर्व्हर निदान महिनाभर चालू ठेवा, दुप्पट भाडं पडतं पण ते द्या.

जपलेल्या प्रती कुठे ठेवायच्या

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर. एसएसडी वर्षानुवर्षं कपाटात वीज न देता ठेवायची नाही, त्यातला डेटा विरतो, आणि घरी राइट केलेल्या सीडींवर भरवसा ठेवू नका. सगळ्या फाइलींचे एसएचए-२५६ चेकसम (फाइलीतल्या मजकुरावरून निघणारा ठसा) काढून एका टेक्स्ट फाइलीत ठेवा आणि वर्षातून एकदा जुळवून बघा, म्हणजे कुठली फाइल सडली ते कळतं आणि दुसऱ्या प्रतीतून घेता येते. महत्त्वाची पानं वेबॅक मशीनच्या 'सेव्ह पेज नाऊ'मध्येही टाका.

सार्वजनिक ठिकाणी ठेवायच्या प्रतीत डेटाबेस टाकू नका. त्यात तुम्हाला लिहिणाऱ्यांचे मेल पत्ते आणि आयपी असतात, ते त्यांनी तुमच्यावर विसंबून दिलेले होते.

जिओसिटीज ही लोकांना आपली पानं फुकट ठेवू देणारी साइट ऑक्टोबर २००९ मध्ये बंद झाली तेव्हा लाखो लोकांची घरगुती पानं एका दिवसात जाणार होती. आर्काइव्ह टीमच्या स्वयंसेवकांनी धडपडून जमेल तेवढी उतरवली, म्हणून त्यातली बरीच आज बघता येतात. पण कोणतं पान कुणाचं, कशासाठी केलेलं, हे सांगायला बऱ्याच ठिकाणी कुणी नाही. म्हणून प्रत्येक प्रतीच्या सगळ्यात वर साध्या टेक्स्टमध्ये एक फाइल ठेवा. माझ्या फाइलीत आहे: ही साइट काय आहे, कोणत्या वर्षी सुरू झाली, कोणतं फोल्डर उघडलं की वाचता येतं, वार्क फाइल कशाने उघडायची, मजकूर यूटीएफ-८ मध्ये आहे, डोमेन कुठे नोंदलेलं आहे आणि कधी संपतं, कोणते फोटो माझे नाहीत आणि ते कुणाचे आहेत, आणि माझ्यानंतर हे कुणी पुढे चालवायचं असेल तर माझी परवानगी आहे. त्याची एक छापील प्रत काढून बहिणीकडे दिलीय, पासवर्ड ज्या पाकिटात आहेत त्याच पाकिटात.